चिंगीच्या गवळणी

आमच्या गावच्या बायका दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी घालत. वसुबारसेला पहिली गवळण बसायची आणि पाडव्यापर्यंत दारापुढं सगळं गोकुळ उभं राहायचं. ताक घुसळणारी, जात्यावर बसलेली, डोक्यावर घागर घेतलेली, पोर काखेत मारलेली. डोळ्यांना भाताचे दाणे, केसांत झेंडूची पाकळी आणि तोंडाच्या जागी काडीनं टोचलेलं भोक. पाडव्याला बायका घरोघर फिरून एकमेकींच्या गवळणी बघत आणि नावं ठेवत. मग त्या वाळायच्या, गोवऱ्यांत जायच्या आणि थंडीत चुलीत जळायच्या. ते अंगण, ते गाव, सगळं पवनेच्या धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो म्हणतात. मी बघायला गेले नाही.

मी त्या घरची लेक. नवरा लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होता. दोन डब्यांच्या मधे सापडून गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, पदरी मूल नव्हतं. थोरला भाऊ धोंडिबादादा गाडी जुंपून आला आणि मला माहेरी घेऊन गेला. माझ्या ताटातली अर्धी भाकर तुझी, एवढंच तो वाटेत बोलला, आणि ते त्यानं पाळलं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्या भाकरीचाही वाटा आहे.

दादाची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. धाकटा भाऊ निवृत्ती, त्याची बायको रतन आणि त्यांची एकुलती मुलगी चिंगी. चिंगी तेव्हा आठ वर्षांची होती. उजवा हात छातीशी आखडलेला, एक पाय ओढत चालायची, हनुवटीवर लाळ. शब्द एकही नाही. बोलायला गेली की जुनं लुगडं टरकावं तसा आवाज निघायचा. गाव तिला खुळी म्हणायचं. निवृत्ती तिला नावानं हाक मारत नसे, ‘ए’ म्हणायचा.

मी आले त्या वर्षीच्या दिवाळीत घागरवाली गवळण मी घातली होती. दुपारी पोर पाय ओढत चुलीपाशी आली. डाव्या हातात ती ओली गवळण. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. रतन ओरडली, मोडली का गं गवळण, आणि तिनं हात उगारला. मी तिला थांबवलं. घडवंचीवरचा तांब्या भरून दिला. पोरीनं दोन तांबे पाणी पिऊन टाकलं. संध्याकाळी तिनं जात्यावरची आणून दिली. मी भाकरीचा तुकडा पुढं केला, तो तिनं घेतला.

लोणावळ्याला मी यार्डाच्या कडेला बारा वर्षं काढली होती. हजार माणसांची गाडी एकाच्या हातातलं कापड बघून थांबते आणि कापड बघून निघते, कुणी कुणाशी बोलत नाही, हे मी रोज बघत होते. त्यामुळं गवळणीचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की आठ वर्षं ही पोर सगळं ऐकत होती आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

शेणाच्या गवळणी टिकत नाहीत. मी ओढ्याची चिकण माती आणली, बोटाएवढ्या बाहुल्या केल्या आणि चुलीच्या आरात भाजल्या. एका टोपलीत भरून टोपली तिच्या गळ्यात अडकवली. पाणी, भाकर, झोप, शेळी, पोटात दुखतं, थंडी वाजते. आई, बाप, आत्या, चुलता. पुरुष असो की बाई, घरात त्या सगळ्यांना गवळणीच म्हणत. दादाची गवळण म्हणून निवृत्ती हसायचा. दादाच्या गवळणीच्या डोक्यावर मी मातीचा गोळा बसवला होता, तो त्याचा पटका. आमच्या आळीत तांबडा पटका बांधणारा तो एकटाच होता, पण भाजलेल्या मातीला तांबडं काय आणि पांढरं काय.

सगळ्यांत शेवटी मी चिंगीची गवळण केली. काडी घेऊन तोंड टोचायच्या वेळी मी थांबले. हिला कशाला तोंड, असं मनात आलं आणि तशीच तिच्या हातात दिली. तिनं ती फिरवून फिरवून पाहिली. मग जमिनीवरची काडी उचलली, गवळण गुडघ्यांत धरली आणि डाव्या हातानं, चार वेळा चुकत, तिला तोंड पाडलं. मला तेव्हा लाज वाटली. पुढं वाटली त्याच्या मानानं ती काहीच नव्हती.

तिच्याशी बोलायची एक रीत होती. टोपलीत हात घालून हवी ती गवळण शोधायला तिला वेळ लागायचा. हात थरथरायचा, निसटायचा. मधे कुणी घाई केली, पाणी हवं का, झोप आली का, असं विचारत सुटलं, की ती हात काढून घ्यायची आणि बसून राहायची. थांबायचं. गवळण तळहातावर आली की मी मोठ्यानं म्हणायची, थंडी वाजते. बरोबर असलं तर ती माझ्या तळहातावर एक थाप मारायची. चूक असलं तर माझा हात ढकलून द्यायची. एवढ्यावर आमचं तीन वर्षं चाललं होतं. रतन हळूहळू शिकली. दादा कधीमधी हात पुढं करायचा, पण त्याला धीर नव्हता, ती शोधेपर्यंत तो उठून जायचा. निवृत्तीनं कधी हात पुढं केला नाही.

धीर होता तो बुधाला. बुधा वरच्या ठाकरवाडीचा. आमच्याकडं लावणीला, कापणीला यायचा आणि एरवी गवताचे भारे आणून टाकायचा. भारा खाली ठेवला की तो तिच्यापुढं उकिडवा बसायचा आणि हात पसरायचा. बिडी ओढून संपेपर्यंत हात तसाच असायचा. ती त्याला काय काय सांगायची, शेळी व्यायली, आत्या रागावली. तिच्या सांगण्यावरून मी बुधाचीही एक गवळण केली. डोक्यावर गोळाच, गवताचा भारा म्हणून जरा रुंद. दोन्ही गोळ्यांतला फरक आम्हालाच कळायचा.

एक गवळण मी केली नाही. निवृत्ती रतनला मारायचा. भाकर करपली, बैल उशिरा सोडले, काहीही कारण पुरायचं. हाताला येईल त्यानं मारायचा, फुंकणीनं, कासऱ्यानं. पोर मधे आली की तिलाही. अशा वेळी चिंगी टोपलीत हात घालून शोधत राहायची. सगळ्या गवळणी जमिनीवर ओतायची, पुन्हा भरायची. मग बापाची आणि आईची घेऊन एकमेकींवर आपटायची आणि माझ्याकडं बघायची. तिला काय हवंय ते मला कळत होतं. मी दुसरीकडं बघायची. मारायची गवळण कशाला करायची, घरात ते रोजचंच होतं.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. आंबेमोहोर पोटरीत आला होता, दाणा धरायच्या वेळेला खाचरं तडकायला लागली. डोंगरातून एक झरा यायचा, त्याच्या पाटावर आमची दोन्ही शेतं होती. वरचं दादाचं, खालचं निवृत्तीचं. वडिलांपासूनची पाळी ठरलेली. पाटाच्या कडेला एक काळा धोंडा होता. त्याची सावली पश्चिमेला असेतो पाणी वरच्या शेतात, सावली धोंड्याच्या पोटात शिरली की पाटाचं मातीचं दार फोडून खाली सोडायचं. त्या वर्षी पाण्याची धार मनगटाएवढी झाली होती. सावली कधी शिरली यावरून दोघं भाऊ रोज भांडायचे. एकदा निवृत्तीनं दादाच्या अंगावर चिखल फेकला. दादा पटका सोडून ओढ्यावर धूत बसला.

त्याच आठवड्यात निवृत्तीनं बुधालाही मारलं. पाटाच्या कडेनं गवत कापताना बुधाच्या पायानं दाराची माती ढासळली होती. देवळापुढं, चार माणसांत, निवृत्तीनं त्याच्या कमरेत लाथ घातली. भारा सुटून गवत सगळीकडं पसरलं. बुधानं ते काडी काडी गोळा केलं, बांधलं आणि भारा आमच्याच गोठ्यात आणून टाकला. लोकांनी ते पाहिलं होतं आणि ध्यानात ठेवलं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी दादा शेतावरून एकटाच आला. पडवीत बसला आणि पाणी मागितलं. तांब्या त्याच्या दातांवर वाजत होता. ऊन लागलं असेल म्हणून मी कांदा फोडून दिला. तो म्हणाला, खोरं ओढ्यावर धुतलंय, वाळू दे, हात लावू नका. खोरं कुणी वाळत घालतं का, एवढंही माझ्या मनात आलं नाही.

घटकाभरानं बुधा आला. त्याच्या खांद्यावर निवृत्ती होता. डोकं बुधाच्या पाठीवर लोंबत होतं आणि कानामागं हात जाईल एवढी खोक. बुधाचं अंग मानेपासून गुडघ्यापर्यंत रक्तानं भरलं होतं. मागं चिंगी, शेळीची दोरी हाताला गुंडाळलेली, तोंडानं तोच आवाज. बुधा म्हणाला, तो वरच्या कड्याला गवत कापत होता, पोरीचा आवाज ऐकून खाली धावला, तर हे पाटात पालथे पडलेले. रतननं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्याच दंडावर त्याच्या माराचे दोन दिवसांचे वळ होते. निवृत्तीनं डोळे उघडले नाहीत. दिवस कलायच्या आत तो गेला.

बुधाला परत जाऊ दिलं नाही. लाथ मारली म्हणून डूख धरला, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. तिरडी उठायच्या आधीच त्याला चावडीच्या खांबाला बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजीराव पाटलानं माणसं जमवली. तालुक्याहून पोलीस यायचे होते, त्याआधी गावाला कबुली हवी होती. ओला कासरा दुहेरी करून दोघं तरणे आळीपाळीनं मारत होते. कासरा अंगावर पडला की पाण्याचे थेंब उडायचे, मग नुसतं पाणी राहिलं नाही. बुधाचं एकच म्हणणं, मी उचलून आणला. त्यातल्या एकानं उखळीशेजारचं मुसळ उचललं आणि त्याच्या नडगीवर घातलं. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. बायका कुडाआड उभ्या होत्या. बुधाची बायको भागूबाई पायरीवर कपाळ टेकून बसली होती. तिला कुणी आत येऊ देत नव्हतं.

मग कुणाला तरी आठवलं की पोर तिथं होती. पाटील म्हणाला, अंबूबाईला बोलवा, तिला पोरीचं कळतं.

मी चिंगीला कडेवर घेऊन आत गेले. अकरा वर्षांची पोर, पण वजन शेळीच्या पिलाएवढं. गळ्यात टोपली. दादा खांबाशेजारी बसला होता. सकाळीच त्याच्या डोक्याचे केस उतरवले होते, भावाला अग्नी त्यानंच दिला होता. उघडं गोरं डोकं बघायची सवय नव्हती. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "सांग अंबू. पोर काय म्हणती ते सांग."

मी हात पसरला. चावडीत सगळे गप्प झाले. गावानं तिला असं कधी गप्प बसून ऐकलं नव्हतं. तिनं सावकाश शोधलं. आधी बापाची गवळण काढली, माझ्या तळहातावर आडवी ठेवली. मग पुन्हा टोपलीत हात. बराच वेळ. मग डोक्यावर गोळा असलेली. ती तिनं घट्ट धरली आणि बापाच्या गवळणीवर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बापाच्या गवळणीचं डोकं तुटलं आणि फरशीवर घरंगळत गेलं. मी न केलेली गवळण तिनं अशी केली. मग हातातली तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

गोळा अरुंद होता. तो पटका होता.

पाटील वाकून म्हणाला, "हा डोक्यावर गोळा असलेला कोण गं, अंबू?"

त्या क्षणी काय काय मनात आलं ते मी आयुष्यभर मोजत आले आहे. वाळत घातलेलं खोरं. दातांवर वाजणारा तांब्या. बैलगाडी आणि अर्धी भाकर. एक भाऊ सरणावर गेला, दुसरा गेला तर तीन बायकांनी कुठं जायचं. हे सगळं खरं आहे, पण ते मागून जुळवलेलं. खरं म्हणजे मी दादाकडं पाहिलं आणि माझी मूठ मिटली.

"बुधा," मी म्हणाले. "गवताचा भारा हाय डोक्यावर."

चिंगीनं माझा हात ढकलला. पुन्हा ढकलला. मिटलेल्या मुठीवर ती डोकं आपटायला लागली, नखांनी बोटं उकलायला लागली. तो टरकणारा आवाज. लोक म्हणाले, बापासाठी जीव तोडती बिचारी. हात ढकलणं म्हणजे काय, हे त्या चावडीत दोघांनाच माहीत होतं. दुसरा बुधा.

त्यानं मान वर केली. "बाई," तो म्हणाला, "पोर तसं म्हणत न्हाई."

त्याच्या तोंडावर मुसळाचं टोक बसलं. पुढचे दात गेले. दुपारी पोलीस आले आणि त्याला गाडीत घालून घेऊन गेले, मोडलेला पाय गाडीच्या बाहेर लोंबत होता. जाताना फरशीवर शोधलं तर निवृत्तीच्या गवळणीचं डोकं मला सापडलं नाही.

त्या दिवसापासून चिंगीनं माझ्या हातावर गवळण ठेवली नाही. तहान लागली की स्वतः रांजणाकडं जायची, एका हातानं तांब्या भरायची, अर्धं अंगावर सांडायचं. मी हात पुढं केला की ती हात पाठीमागं घ्यायची. टोपली तिनं गळ्यातून काढून गोठ्याच्या गव्हाणीत टाकली होती. मी ती परत आणून ठेवली तर पुन्हा गव्हाणीत. पोरीनं धसका घेतलाय, असं दादा म्हणायचा. तो तिच्याशी फार मऊ बोलायला लागला होता. दूध आधी तिला द्यायचा. ती वाटी लाथेनं उडवायची.

भागूबाई रोज सकाळी डोंगर उतरून यायची आणि आमच्या दारापुढच्या आंब्याखाली बसायची. शिव्या नाहीत, रडणं नाही. दिवस मावळला की उठून जायची. दादानं एकदा ढेकूळ मारलं. ते तिच्या खांद्यावर फुटलं. तिनं माती झटकली आणि बसून राहिली.

दिवाळी सुतकात आली; आमच्याकडं घरचं माणूस गेलं की वर्षभर सुतकच धरत. सुतकाच्या घरात गवळणी घालत नाहीत. गावभर अंगणं सारवली गेली, आमचं तसंच. वसुबारसेला मी गोठ्यात गेले तर चिंगी शेणाच्या पाटीशी बसली होती. पाडव्यापर्यंत ती रोज तिथंच असायची, कोपऱ्यात, कडब्याच्या आड. मी कशाला हटकू, कुठंतरी रमली आहे, असं वाटलं. रतन मात्र जाऊन यायची. आत काय बघितलं ते तिनं मला सांगितलं नाही.

पाडव्याला सकाळी दादा आणि मी खळं करायला गेलो होतो. मी आधी परतले. सुतकाच्या घरी सणाला शेजारणींनी भाकरी द्यायची रीत होती, म्हणून पाटलाची बायको शालूबाई आणि चार जणी टोपल्या घेऊन येत होत्या. अंगणात पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या. मीही.

अंगणाच्या मधोमध बोटानं चर काढून पाट केला होता, त्यात पाणी ओतलेलं. कडेला एक काळा दगड. पाटात शेणाचा माणूस पालथा. त्याला शेणाचं डोकं नव्हतं. मानेशी भाजक्या मातीचं ते छोटं डोकं ठेवलं होतं, चावडीत हरवलेलं. बांधावर एक शेळी आणि एक लहान गवळण, तिचं तोंड इतकं मोठं पाडलं होतं की डोकं सगळं भोकच झालं होतं. दूर, पलीकडं, शेणाच्या ढिगाचा डोंगर. त्यावर एक माणूस, डोक्यावर खऱ्या गवताची काडी न काडी बांधलेली. आणि पाटात पडलेल्याच्या उशाशी उभा एक. त्याच्या हातात काडी, काडीला बांगडीची काच, खोऱ्यासारखी. डोक्याला तांबडं सूत गुंडाळलेलं.

आत खुंटीवर दादाचा पटका लोंबत होता. सुतकात तो बांधत नव्हता. मी मान वळवून पाहिलं, त्याचं एक टोक उसवलेलं होतं.

एका हातानं, पाच दिवसांत, तिनं हे केलं होतं. त्या बायका जन्मभर गवळणी घालत आणि वाचत आल्या होत्या. कोण घागर घेऊन निघाली, कोण सासूवर रुसली, हे त्या शेण बघून सांगायच्या. त्यांना माझी गरज नव्हती. चिंगी भिंतीला टेकून बसली होती आणि त्यांच्या तोंडांकडं बघत होती, आम्ही तिच्यासाठी थांबायचो तशी.

शालूबाईनं टोपली खाली ठेवली. "तांबडा पटका," ती हळू म्हणाली.

भागूबाई आंब्याखालून उठून आली. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, डोंगरापाशी गेली आणि गवत डोक्यावर घेतलेल्या त्या माणसाशेजारी मांडी घालून बसली.

तेवढ्यात दादा आला. खांद्यावर खोरं. त्याला आधी काय चाललंय ते कळलं नाही. मग त्यानं खाली पाहिलं. "सुतकात गवळणी घालतीस व्हय गं," असं म्हणून त्यानं पाय उचलला. इतक्या गवळणींतून त्याचा पाय आधी पडला तो तांबड्या सुतावर. टाचेनं त्यानं ती जमिनीत गाडली. बायकांनी ते पाहिलं. मग पाट, शेळी, मोठ्या तोंडाची, सगळं तुडवलं. चिंगी सरपटत मधे आली आणि उरलेल्यावर डावा हात पसरून पालथी पडली. दादानं खोरं उलटं धरलं आणि दांडा त्या हातावर घातला.

तिचा एकच धड हात. मनगट मोडल्याचं मी ऐकलं.

त्यानं दुसऱ्यांदा उगारलं. रतन कुठून आली कळलं नाही. बारा वर्षं मार खाताना जिनं वर मान केली नाही, ती मुसळ घेऊन धावली आणि त्याच्या गुडघ्यावर तिनं घाव घातला. तो खाली बसला. तिनं दुसरा खांद्यावर घातला. तिसरा घालताना शालूबाईनं तिला कवेत धरलं, नाहीतर त्या अंगणात आणखी एक मेला असता. दादाच्या नाकातोंडात शेण गेलं होतं. तो माझ्याकडं बघत होता, चावडीत बघितलं होतं तसाच.

"बुधा न्हवता," मी म्हणाले. "पोरीनं दादालाच दाखवलं व्हतं. मी खोटं सांगितलं."

शालूबाई म्हणाली, "मोठ्यानं बोल. भागूबाईला ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं म्हणाले. भागूबाईनं माझ्याकडं मानसुद्धा वळवली नाही. ती चिंगीचा हात आपल्या पदरात घेऊन बसली होती.

पाटलाला ते मिटवायचं होतं. बायकोनं त्याला मिटवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि भागूबाई तालुक्याला चालत गेलो, ती पुढं, मी मागं. तिथं मी पुन्हा तेच सांगितलं आणि कागदावर अंगठा न देता सही केली. दादाला नेलं. तो तुरुंगातच वारला. बुधा दीड महिन्यानं सुटून आला. पाय वाकडाच सांधला होता, पुन्हा त्यानं भारा उचलला नाही. त्याच्याकडून मला कधी एक वाईट शब्द आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

चिंगीचं मनगट वैदूनं बांबूच्या कामट्या घालून बांधलं. ते सांधेपर्यंत तिच्याजवळ बोलायला काहीच नव्हतं. रतन टोपलीतली एकेक गवळण तिच्या डोळ्यांपुढं धरायची, नाव घ्यायची आणि थांबायची. हवी ती आली की चिंगी डोळे मिटायची. रतननं स्वतः माती मळून एक नवी गवळण केली, हात उगारलेला माणूस. माझ्यासमोर भाजली. मी धरलेल्या गवळणीकडं चिंगी बघत नसे.

असं वर्ष गेलं. पुढच्या दिवाळीला मी अंगण सारवत होते. ती आली. डावा हात आता मनगटात बाहेरच्या अंगाला वळलेला होता. तिनं शेणाच्या पाटीशी बसून त्या हातानं काहीतरी केलं, बराच वेळ. मी सारवत राहिले, बघितलं नाही. मग ती उठून माझ्यापुढं उभी राहिली. मी सारवणाचा हात लुगड्याला पुसला आणि पसरला. वर्षभरानं.

तळहातावर ओली गवळण. डोक्यावर पदर, कपाळ कोरं. मीच होते. तोंड नव्हतं.

मी खाली पडलेली एक काडी उचलली. तिनं माझा हात ढकलला. चूक. मी काडी टाकली आणि तसाच हात पुढं धरला, थांबले. तिनं आपल्या वाकड्या हातानं माझी बोटं एकेक करून मिटवली, मूठ केली, आणि वरून दाबत राहिली. फटींतून शेण बाहेर येईपर्यंत.